करिना, शिफारस आणि अर्ज

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून त्यांतील वतनांच्या व इनामांच्या तंट्यांचे कागद जो कोणी सावकाशीने वाचील, त्याला ‘करिना’ या नावाचा एक लेखप्रकार त्यांत वारंवार भेटेल. आपल्या घराण्याने कोणत्या धन्याची चाकरी केली, कोणत्या स्वारीत कोण कामास आला, कोणत्या गडाच्या वेढ्यात कोणी जखमा सोसल्या, त्याबद्दल सरकारातून कोणती जमीन, कोणता हक्क वा कोणते मानपान मिळाले, मध्यंतरी दुष्काळामुळे अथवा परचक्रामुळे ते कसे खंडित झाले, आणि म्हणून धन्याने कृपाळू होऊन ते पूर्ववत् चालवावे, असा सर्व मजकूर क्रमाने सांगणारे ते निवेदन असे. इतिहाससंशोधकांनी हे करिने घराण्यांच्या वंशावळी आणि वतनांच्या हकीकती जुळविण्यासाठी वापरले आहेत, आणि तो उपयोग रास्तच आहे. परंतु आज नोकरीच्या अर्जासोबत जो स्वपरिचयाचा कागद आपण पाठवितो, ज्याला कोणी बायोडाटा म्हणतो तर कोणी सीव्ही, त्याचा मराठी मुलखातील पूर्वज कोण असा प्रश्न केला, तर मला तरी उत्तर या करिन्यातच सापडते. मागणाऱ्याने देणाऱ्यापुढे आपली योग्यता लेखी मांडावी, ती काळाच्या अनुक्रमाने मांडावी, आणि तिच्या पुष्ट्यर्थ कागद जोडावेत, ही सारी रीत तेथे पूर्णपणे सिद्ध झालेली आहे.

करिन्याचे खरे सामर्थ्य त्याच्या तपशिलात असे. ‘आम्ही पिढीजात एकनिष्ठ सेवक आहो’ एवढे म्हणून कोणाचे भागत नसे. अमक्या साली, अमक्या सरदाराच्या निशाणाखाली, अमक्या ठिकाणी आमचा आजा पडला, असे नाव, गाव आणि प्रसंग यांसह सांगावे लागे. १७६१ च्या पानिपतानंतर तर अशा कथनांना एक करुण गांभीर्य आले, कारण अनेक घराण्यांतील कर्ते पुरुष एकाच दिवशी नाहीसे झाले होते आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांना चाकरीचा हिशेब मृत्यूच्या हिशेबानेच मांडावा लागत होता. शिवाय हे कथन दफ्तरी पडून राहण्यासाठी लिहिलेले नसे. प्रतिपक्ष आपला करिना घेऊन समोर उभा असे, जुन्या सनदांच्या नकला मागविल्या जात, गोतसभेत पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसून साक्षी घेत, आणि मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. लिहिलेला प्रत्येक शब्द ज्यांना आपण लहानपणापासून ओळखतो अशा माणसांपुढे वाचला जाणार आहे, ही जाणीव लेखकाच्या हाताला आवर घालीत असे. पोकळ विशेषणांना तेथे फारसा वाव नव्हता. मात्र करिन्यातील पराक्रम घराण्याचा असे. अर्जदार स्वतः काय करू शकतो, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होई, कारण तो कोणाचा कोण आहे हे एकदा ठरले म्हणजे पुढचे सारे ठरल्यासारखेच होते.

या लेखनाची बाह्यांगेही तितकीच कडक होती. बोरूने, मोडी वळणात, कागदाचा वरचा भाग मोकळा सोडून लिहिण्याची पद्धत. वडिलांस कोणता मायना, बरोबरीच्यास कोणता आणि कनिष्ठास कोणता याचे ठराविक नियम. ‘सेवेसी’, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’, ‘विज्ञापना’, ‘विदित होय’ अशा शब्दांच्या ठरलेल्या जागा. या सर्वांत चूक झाली तर मजकूर वाचण्यापूर्वीच लिहिणाऱ्याची किंमत कमी होई. दफ्तर कसे राखावे, कागदांची मांडणी कशी करावी, हे सांगणारे ‘मेस्तक’ नावाचे नियमग्रंथ कारकुनांच्या घरी असत. आणि समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला, त्यात अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, कागद, शाई आणि लेखणी यांची चिकित्सा केली. परमार्थाचा उपदेश करणाऱ्या ग्रंथात ही गोष्ट यावी, यावरून नीटनेटके लिहिणे हा त्या काळी केवळ पोटाचा उद्योग समजला जात नव्हता, तर माणसाच्या एकंदर शिस्तीचे ते लक्षण मानले जाई, हे उघड होते.

वतन मागणारा करिना लिही. पण दफ्तरात बसून पोट भरू पाहणाऱ्या सामान्य मुलाची वाट निराळी होती. त्याला अर्ज करावा लागतच नसे. त्याला उमेदवारी करावी लागे. चुलता, मामा अथवा गावचा कोणी आप्त ज्या कचेरीत असेल तेथे तो जाऊन बसे, नकला करी, बेरजा तपाशी, वडील कारकुनांच्या हाताखाली जमाखर्चाचे ताळे जुळविण्यास शिके, आणि अशी वेतनावाचून वर्षे काढल्यावर एखादी जागा रिकामी झाली म्हणजे तीवर त्याची नेमणूक होई. पैशाशी संबंध येणाऱ्या जागेवर नेमताना जामीन मागत. फौजेत शिरणाऱ्याच्या बाबतीत मोगलाईतून चालत आलेली चेहरेपट्टीची रीत असे, म्हणजे माणसाचा वर्ण, बांधा, अंगावरील तीळ व व्रण आणि त्याच्या घोड्याचा रंग व खुणा यांची नोंद होई, आणि हजिरीच्या वेळी त्या नोंदीशी माणूस व घोडा ताडून पाहिला जाई. आपल्या सरकारी नमुन्यांत ‘ओळखीच्या खुणा’ हा रकाना अगदी परवापर्यंत टिकून होता, त्यात या चेहरेपट्टीचीच परंपरा दिसते. उमेदवारीच्या पद्धतीत एक मोठा गुण होता, तो हा की, धन्याने मुलाचे काम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले असे, त्यामुळे कागदावर त्याची स्तुती करण्याची गरजच उरत नसे. परंतु बिनपगारी वर्षे ज्याच्या घरच्यांना परवडतील आणि ज्याचा कोणी आप्त आधीच आत बसलेला असेल, त्यालाच ही वाट मोकळी होती. गावकुसाबाहेरच्या, कुणब्याच्या, कारागिराच्या मुलाला त्या ओसरीवर पाऊल ठेवण्याचीही सोय नव्हती. ही गोष्ट गुणाइतकीच, किंबहुना गुणापेक्षा अधिक, लक्षात ठेवली पाहिजे.

१८१८ साली पेशवाई बुडाली, आणि कारकुनाच्या डोक्यावर जो नवा धनी आला त्याला आमच्या मुलखातील घराणी, गोत, आडनावे यांचे काहीच मोल ठाऊक नव्हते. मामलेदाराच्या कचेरीत मोडी कारभार व उमेदवारी बराच काळ तशीच चालू राहिली. परंतु जेथे साहेबाशी प्रत्यक्ष गाठ होती तेथे ओळखीचा पुरावा कागदावर आणणे भाग पडले. साहेब विलायतेस परत जाताना आपल्या खानसाम्याला, मुनशीला, कारकुनाला दोन ओळींची चिठ्ठी देऊन जाई, आणि त्या चिठ्ठ्या तेलकट फडक्यात गुंडाळून, पत्र्याच्या डबीत घालून, पुढच्या साहेबापुढे ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे जपल्या जात. त्यांतील इंग्रजी ज्याचे त्याला वाचता येत असेच असे नाही. ज्या कागदावर आपले पोट अवलंबून आहे त्यात आपल्याविषयी नेमके काय लिहिले आहे हेच माणसाला ठाऊक नसावे, यासारखी परस्वाधीनता दुसरी कोणती असेल?

याच काळात कचेरीच्या आवारात अर्जनवीस अवतरला. झाडाच्या सावलीत, पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर दौत, टाक आणि कोरे कागद मांडून बसलेला हा मनुष्य शेतकऱ्याच्या तगाईपासून उमेदवाराच्या नोकरीपर्यंत सर्व मागण्या एकाच साच्यात ओतून देई. त्या साच्याचा आरंभ आर्जवाने आणि शेवट आशीर्वादाने होई. मध्ये अर्जदाराचे वडील वारल्याचे, घरात खाणारी तोंडे पुष्कळ असल्याचे, बहिणीचे लग्न व्हावयाचे असल्याचे आणि हुजुरांच्या कृपेवाचून तरणोपाय नसल्याचे निवेदन असे, आणि अगदी तळाशी ‘आपला आज्ञाधारक सेवक’ अशी सही. इंग्रजी शिकलेल्या उमेदवारांनीही इंग्रजी पत्रलेखनाच्या पुस्तकांतून हीच याचनेची भाषा उचलली. करिन्यात मागणारा निदान आपल्या घराण्याने काय केले हे ताठ मानेने सांगत होता; या नव्या अर्जात माणूस एकटा आला खरा, पण त्याने केलेले काम मात्र कागदावरून नाहीसे झाले आणि त्याची जागा त्याच्या गरजेने घेतली. माझ्या मते आपल्या अर्जलेखनाला लागलेली ही सर्वांत खोल कीड होय, आणि ती शंभर-सव्वाशे वर्षे पुरती निघाली नाही. गरज खोटी नव्हती, घरची तोंडे खरीच होती. पण कामाच्या जागेसाठी दुःखाचा दाखला पुढे करावयाचा, ही सवय तेव्हा जडली.

शिफारशीच्या चिठ्ठीला शह दिला तो परीक्षेने. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींची पहिली तुकडी बी. ए. झाली. खाली, मराठी शाळांच्या पातळीवर, मराठी इयत्तांनंतर द्यावयाची पब्लिक सर्व्हिसची परीक्षा व पुढे व्हर्नाक्युलर फायनल यांनी तलाठ्याच्या, शाळामास्तराच्या, कचेरीतील लहान कारकुनाच्या जागांचे दार उघडले. आता कोणाचा पुतण्या आहेस असे न विचारता काय पास झालास असे विचारू लागले, ही क्रांती लहान नव्हती. पण छापील दाखल्यावर सर्वस्वी विसंबण्याइतका विश्वास दाखला मागणाऱ्यांच्याही मनात मुरलेला नव्हता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितलेला प्रसंग या बाबतीत फार बोलका आहे. मुरूडचा हा किरकोळ बांध्याचा मुलगा पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर भर पावसाळ्याच्या दिवसांत, सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत साताऱ्यास गेला. वयाची अट पुरी झाल्याचा दाखला त्याच्याजवळ होता. परंतु परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाने त्याच्याकडे पाहिले, हा इतक्या वयाचा दिसत नाही असे ठरविले, आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. दाखला खरा होता आणि माणूसही खरा होता, पण पाहणाऱ्याने आपल्या नजरेलाच अधिक प्रमाण मानले. पायी आलेला तो मुलगा तसाच पायी परत गेला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झालेल्या आणि स्त्रियांचे विद्यापीठ काढणाऱ्या पुरुषाच्या आयुष्याचा आरंभ अशा नाकारलेल्या कागदाने झाला, ही गोष्ट कोणत्याही उमेदवाराने मनात बाळगण्याजोगी आहे.

नोकरीचा नव्हे, पण प्रवेशाचा असा एक अर्ज त्याच शतकात एका मराठी मुलीने लिहिला, आणि अर्ज कसा असावा याचा त्याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या चालकांना जे पत्र पाठविले, त्यात प्रथम आपण प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित पुऱ्या करीत नसू हे त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगून टाकले. मग आपली परिस्थिती असाधारण आहे याकडे लक्ष वेधले, प्रकृती चांगली असल्याचे नमूद केले, आणि आप्तस्वकीयांचा व ज्ञातीचा एकवटलेला विरोध सोसून ज्या निश्चयाने आपण या देशात आलो तो निश्चयच अभ्यास पुरा करण्याच्या कामी उपयोगी पडेल, असे प्रतिपादन केले. शेवटी कारण दिले ते असे की, आमच्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि त्यांना मदत करण्यासाठी मला ही विद्या हवी आहे. अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीचे हे पत्र आहे. त्यात दीनवाणेपणाचा लवलेश नाही, उसनी विशेषणे नाहीत, उणीव लपविलेली नाही, आणि केलेल्या एका अवघड कृत्याचा दाखला भावी कामासाठी पुरावा म्हणून पुढे ठेवलेला आहे. प्रवेश मिळाला, १८८६ साली त्या एम. डी. झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. क्षयाने त्यांना ते काम हाती घेऊ दिले नाही, हे महाराष्ट्राचे दुर्दैव.

केलेल्या कामाचा दाखला पुढे ठेवण्याची ही रीत एका माणसाऐवजी एका अख्ख्या समाजाने अवलंबिल्याचे उदाहरणही त्याच काळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा लष्करातून निवृत्त झालेले कोकणातील गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरसेनापतीकडे पाठविण्यासाठी एक विनंतीपत्र तयार केले, आणि त्यात महार शिपायांच्या सेवेची हकीकत मांडून भरतीचे दार पुन्हा उघडावे असे मागितले. पुढे १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी असाच अर्ज विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत पोहोचविला. कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या ज्या शिपायांची नावे कोरली आहेत त्यांत महारांमध्ये रूढ असलेल्या ‘नाक’ प्रत्ययाची नावे पुष्कळ आहेत. म्हणजे या अर्जातील दाव्याची साक्ष स्वतः सरकारनेच दगडावर लिहून ठेवली होती. जुन्या करिन्याचाच हा प्रकार होय, पण त्याचा अर्थ पालटलेला आहे: ज्यांना कोणत्याही गोतसभेत आपले घराणे सांगण्याचा मान मिळाला नव्हता, त्यांनी आपली चाकरी सांगून आपला हक्क मागितला. १९१७ साली, महायुद्धाच्या गरजेपोटी, महारांची एक पलटण उभारण्यात आली. १९२१ साली ती मोडली. आणि १९४१ साली महार रेजिमेंट कायमची उभी राहिली. अर्जाला उत्तर येण्यास कधी कधी किती काळ जातो, याचे हे एक गणित.

अर्जदाराने उत्तम लिहावे, पण वाचणाऱ्याने ते कोणत्या दृष्टीने वाचावे याचा बंदोबस्त कोण करणार, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी थेट हाती घेतला. १८९४ साली त्यांच्या हाती कारभार आला तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते आणि ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १० होत्या. ‘लायक अर्जदार मिळत नाहीत’ हे ठरलेले उत्तर त्यांनी ऐकून घेतले, वसतिगृहे काढून लायक अर्जदार तयार करण्याची व्यवस्था केली, आणि २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. तरीही कागद आणि दार यांमधले अंतर एका हुकमाने मिटणारे नव्हते. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन, तेथेच पुढचे संशोधन करून आणि लंडनला अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू करून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या चाकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या तोडीची विद्वत्ता असलेला तरुण त्या कचेरीत दुसरा कोणी असणे शक्य नव्हते. तथापि शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत, आणि शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना, म्हणून त्यांना नोकरी सोडून मुंबईस यावे लागले. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली, तर तेथेही अध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये अशी हरकत सहकाऱ्यांपैकी काहींनी घेतली. उत्तम अर्ज म्हणजे हमखास यश, असे सांगणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा. अर्ज दारापर्यंत नेतो. दाराच्या आत काय आहे हे अर्जदाराच्या हाती नसते, आणि म्हणूनच दाराच्या आत बसणाऱ्यांची जबाबदारी अधिक मोठी.

मुंबईतल्या गिरण्यांत मात्र लाखो लोक एकही अर्ज न लिहिता कामाला लागले. पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहावे, जॉबराने, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाने, गर्दीतून बोट दाखवून आत घ्यावे, आणि त्या कृपेबद्दल त्याला दस्तुरी द्यावी, ही तेथील रीत. जॉबर बहुधा आपल्या गावचा, आपल्या भावकीचा. त्यामुळे रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे एकाच खात्यात एकवटलेली दिसत. या पद्धतीतील लाचलुचपत मोडण्यासाठी १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना गिरणीमालकांनी आणली. गिरणगावातील मनुष्याच्या नोकरीचा पहिला लेखी पुरावा म्हणजे बहुधा हे बदलीचे कार्डच होय.

स्वातंत्र्याच्या आगेमागे अर्जाला यंत्राचा स्पर्श झाला. १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली, १९४८ पासून ती सर्वांसाठी खुली झाली, आणि १९५९ च्या कायद्याने ठराविक आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा तेथे कळविणे बंधनकारक केले. तेथे नाव घालणे, कार्ड वेळेवर ताजे करून घेणे आणि ‘कॉल’ची वाट पाहणे, हे मराठी मध्यमवर्गीय घरांतील तरुणांचे नित्यकर्म होऊन बसले. गोदरेजने १९५५ साली मुंबईत देशी बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले, आणि तालुक्याच्या गावांतूनही टायपिंगचे वर्ग निघाले. एका लांबट खोलीत, भिंतीला लावलेल्या बाकांवर ओळीने मांडलेली यंत्रे, त्यांच्या कळांवरील अक्षरे झिजलेली, आणि मिनिटाला तीस शब्दांची, मग चाळिसांची, परीक्षा देण्यासाठी कळांकडे न पाहता बोटे चालविणारी मुले-मुली, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा त्या पिढीचा मनुष्य विरळा. अनेक मुलींच्या बाबतीत तर हे प्रमाणपत्रच घराबाहेरच्या पहिल्या पगाराचे कारण झाले. अर्ज फुलस्केप कागदावर टंकलिखित होऊ लागला; त्याची कार्बन प्रत घरी राहू लागली; नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव हे रकाने स्थिर झाले.

पण त्याचबरोबर साक्षांकित प्रतींचा एक नवा ताप मागे लागला. मूळ प्रमाणपत्रावरून उतरवून काढलेल्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का असल्याशिवाय ती ‘खरी प्रत’ ठरत नसे, आणि ज्याच्या नात्यात वा ओळखीत असा अधिकारी नाही त्याला एका सहीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. जो साहेब उमेदवाराला ओळखतही नाही त्याच्याकडूनच चारित्र्याचा दाखला आणावयाचा, ही तर शुद्ध विसंगती होती. उमेदवारीच्या काळातला आप्त आणि चिठ्ठीच्या काळातला साहेब हे दोघेही या शिक्क्याच्या रूपाने पुन्हा दाराशी येऊन बसले होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने स्वयंसाक्षांकनास मान्यता दिली, आणि नागरिकाने स्वतःच्या कागदावर स्वतः सही करून तो खरा असल्याचे सांगावे हे अखेर ग्राह्य ठरले. या सुधारणेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले आहे असे मला वाटत नाही. राज्याने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे, ही गोष्ट करिन्याच्या काळापासून आजपर्यंत किती टप्प्यांनी साध्य झाली, हे वरील हकीकतीवरून दिसेल.

आता विश्वास मिळाला आहे, तर त्याला साजेसे लिहिले पाहिजे. आजही माझ्या हाती जे अर्ज येतात त्यांत अर्जनवीसाचा साचा पुष्कळ वेळा तसाच दिसतो. वडिलांचे नाव व व्यवसाय, धर्म-जात, वैवाहिक स्थिती हे रकाने, जागेसाठी मागितलेले नसतानाही, लग्नाच्या बायोडाटावरून उचलून आणलेले असतात, आणि ज्या कामासाठी नेमावयाचे त्या कामाविषयी एकच ओळ शेवटी असते. समजा, एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात सहा वर्षे काम केलेली मुलगी पुण्यातील एका कंपनीकडे हिशेबनिसाच्या जागेसाठी लिहीत आहे. ती लिहिते: अनुभव सहा वर्षे, प्रामाणिक, मेहनती, पडेल ते काम करण्याची तयारी. वस्तुतः तिने त्या सहा वर्षांत काय केले? गाळपाच्या हंगामात रोज आलेल्या काटापावत्या गटवार लावल्या. दर पंधरवड्याला सभासदांच्या उसाची बिले काढली. त्यांतून सोसायटीच्या कर्जाची वजावट केली. तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदारांना दिलेली उचल हंगामअखेर त्यांच्या कामाशी ताडून पाहिली. आणि हातवहीवरून संगणकावर खाती नेताना जुन्या-नव्या शिलकांचा मेळ घातला. ही पाच वाक्ये, प्रत्येकाशी खातेदारांची व रकमांची खरी संख्या घालून, कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात आली, तर ऊस कधी न पाहिलेल्या अधिकाऱ्यालाही हिला हिशेब येतो की नाही हे दोन मिनिटांत कळेल. हंगाम म्हणजे काय, उचल म्हणजे काय, हे परक्या वाचणाऱ्यासाठी चार शब्दांत उलगडून सांगावे. बाकी विशेषणे काढून टाकावीत. शिक्षण त्याखाली, अलीकडचे आधी; जे येत नाही ते येते म्हणून लिहू नये, मुलाखतीत त्याचा पहिला प्रश्न होतो. आणि अगदी शेवटी, ज्यांच्या हाताखाली हे काम प्रत्यक्ष झाले अशा दोघांची नावे, त्यांना आधी विचारून, द्यावीत. पदाने मोठा पण काम न पाहिलेला मनुष्य तेथे घालू नये.